फिरते टेंगूळ

॥ श्री ॥

दारव्हा,
ता. १२ नोव्हेंबर १९५८

चि. सौ. कुंदा हिस,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे मी व चि. सुचित्रा खुशाल. तुम्हा उभयतांची खुशाली तुझ्या कार्डावरून समजली.

तू सुचवलेले स्थळ रविवारी येऊन मुलगी पाहून गेले. मुलगा पद्माकर तुमच्या पांढरकवड्याच्या जंगल खात्यात कारकून आहे, एवढे तू लिहिले होतेस. तो इतका उंच आहे हे लिहायचे राहिले. उंची हा दोष नव्हे, पण तपशील आहे. वागणूक उत्तम. दारातच वाकून मला नमस्कार केला, आणि आत येऊन बसला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होते. टोपी त्याने शेवटपर्यंत काढली नाही. वडीलधाऱ्या माणसाला पाहून एवढा गहिवर येणारे पोर हल्ली मी तरी पाहिले नाही. तो आत येताना बैठकीच्या दाराचा नादही छान घुमला. अस्सल सागवानाची चौकट, पाहुण्याच्या पावलानेसुद्धा बोलते. वरच्या कोरीव गणेशपट्टीसकट सगळी मी माझ्या हाताने केलेली असल्यामुळे जास्त सांगत नाही.

आता काळजीचे. मुलात काही व्यंग असल्यास ते आधी लेखी कळवावे ही माझी अट तुला माहीत आहे. काल पद्माकरच्या वडिलांचे पत्र आले. लिहितात, आपल्याकडून परतल्यापासून मुलाच्या कपाळावर थोडी गाठ दिसते, चिंतेचे कारण नाही, आपल्या कानावर असावे म्हणून कळवतो.

गाठ. कुंदा, माझी शाळा चौथीत सुटली, पण तहसिलीपुढे अर्ज लिहायला बसल्यापासून वकील लोक मला शब्द विचारायला येतात. मारहाणीच्या अर्जात नुसते ‘सूज’ लिहून भागत नाही. सूज हे कुळाचे नाव झाले. त्यातल्या माणसाचे नाव सांगावे लागते. मार बसून हाडावर जे तटकन वर येते ते टेंगूळ, आणि ते काही दिवसांत आपले आपण बसते. पू धरते ते गळू. तेच लहान असले तर पुळी, केसाच्या मुळाशी असले तर केस्तूड, काखेत आले तर काखमांजरी, जांघेत आले तर अवधाण. छडीने उठतो तो वळ. जे दुखत नाही, पिकत नाही आणि माणसाबरोबर म्हातारे होते ते आवाळू. आणि गाठ म्हणजे आत खोल, कधी वाढेल ते सांगता येत नाही अशी. शहाणासुरता माणूस स्वतःच्या मुलाविषयी हा शब्द लिहितो, तेव्हा एक तर त्याचा शब्दांवर हात बसलेला नाही, नाही तर तो काही झाकतो आहे.

तुझे घर त्यांच्या आळीतच आहे. तरी तू जाऊन पाहावे. पिकल्या बोरासारखे लागते की सुपारीसारखे, बोटाखाली हलते की बसून राहते, रंग कसा, जागा नेमकी कोणती, हे सविस्तर लिही. सुचित्राच्या जन्माचा प्रश्न आहे. त्या सुजेचे खरे नाव कळेपर्यंत मी होकार देणार नाही.

यज्ञेश्वररावांस नमस्कार. माया आहे तेवढीच राहिली तरी चालेल, पण कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
दीनानाथ


॥ श्री ॥

पांढरकवडा,
ता. १९ नोव्हेंबर १९५८

तीर्थस्वरूप दादा यांस,
धाकट्या कुंदाचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष. तुमचे पत्र ह्यांनी मोठ्याने वाचले, आणि काखमांजरीपाशी आले तसे हसून हसून चहा सांडवला. तो डाग पत्रावर आहे. त्याला काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा.

परक्या मुलाचे कपाळ बायकोमाणसाने जाऊन कसे दाबावे, हे मात्र तुमच्या पत्रात नव्हते. मग मी अंबाडीची भाजी घेऊन गेले आणि बरोबर पुडीत अंगारा नेला. देवीचा अंगारा आहे, सगळ्यांना लावते म्हटले. पद्माकरला लावताना बोट टेकवून चांगले दाबून पाहिले. बोर नाही, सुपारी नाही, काही नाही. कपाळासारखे कपाळ. उजव्या भुवईच्या वर थोडा हिरवट पिवळा डाग उरला आहे, तोही जायला टेकलेला. त्याच्या आईने विचारले कुठल्या देवीचा अंगारा. मी आपले दारव्ह्याच्या म्हणून दिले ठोकून. दारव्ह्याचे नाव ऐकले मात्र, त्या मुलाने पटकन कपाळाला हात लावला आणि मग एकटाच हसत बसला. त्याची आई म्हणे, तुमच्या भावाकडे जाऊन आल्यापासून पोरगं दिसल त्या दारात वाकून राह्यलं, काहून वाकते ते तुम्हीच विचारा त्याले.

दादा, आता माझे ऐका. टेंगूळ होते, बसले, संपले. सुचित्राला बाविसावे लागले आहे. उमरखेडच्या मुलाचे डोळे घारे की भुरे यावर तुम्ही ते स्थळ घालवलेत. दिग्रसचा मुलगा तुम्हाला ‘किंचित’ फेंगडा वाटला आणि त्याचा बाप ‘जरा’ म्हणाला म्हणून ते गेले. त्या दोघांत सुचित्राचे मन नव्हते, मी बोलले नाही. याच्यात आहे. तिने मला लिहिले आहे. वहिनी असत्या तर त्यांनी तुम्हाला तोंडावर सांगितले असते; त्या नाहीत म्हणून मी सांगते.

लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर पाठीत एक धपाटा राखून ठेवा, भेटीत घेईन.

आपली,
कुंदा


॥ श्री ॥

दारव्हा,
ता. ३ डिसेंबर १९५८

चि. सौ. कुंदा हिस,
अनेक आशीर्वाद. तुझी तपासणी अपुरी निघाली.

तुझ्या शब्दावर मी विसंबलो असतो. परंतु दुसऱ्याच्या बोटाने पाहिलेली सूज मी अर्जात कधी घेतलेली नाही. म्हणून पद्माकरला सुट्टीच्या दिवशी इकडे बोलावले. बिचारा पहाटेच्या मोटारीने निघून यवतमाळला गाडी बदलून आला. पुन्हा दारात वाकून नमस्कार, पुन्हा दाराचा तो भरदार नाद, पुन्हा डोळ्यांत पाणी. मी त्याला उजेडात बसवून टोपी काढायला लावली. सूज होती. ताजी, लालबुंद, चांगली लिंबाएवढी. आणि उजव्या भुवईच्या वर नव्हे, कपाळाच्या मधोमध.

म्हणजे काय ते लक्षात घे. एका जागी बसली आणि दुसरीकडे निघाली. मी त्याला विचारले की काल होती का, तर म्हणाला काल नव्हती. कधी आली म्हटले, तर खाली पाहून म्हणाला, आत्ताच आली. एवढा खरे बोलणारा मुलगा, आणि असा रोग. सुजेवर मधोमध एक खोल रेघही आहे, वरून खाली येऊन एका अंगाला सुबक मुरडलेली. अशी रेघ मी आजवर कोणत्याही सुजेवर पाहिलेली नाही. सुचित्राला पाहायला बोलावले, तर ती तोंडाला पदर लावून आत पळाली. तिलाही धक्का बसलेला दिसतो.

मी माझी सगळी टिपणे काढली. टेंगूळ म्हणावे तर कोणी मारलेले नाही. गळू म्हणावे तर पिकत नाही. आवाळू गाव सोडून जात नाही. हे काही तरी नवेच आहे, आणि याला अजून कोणी नाव दिलेले नाही. खोटे कशाला बोलू, मला त्या दिवशी जेवण गेले नाही, पण काळजीने नव्हे.

या धांदलीत तांड्यावरच्या फुलचंदचा अर्ज मागे राहिला. बैलांवरून त्याच्या डोक्यात काठी बसली होती. मी त्याला आत बस म्हणत होतो, तर म्हणे, नाही मालक, मी ओट्यावरच बरा, एक मार खाल्ला तेवढा पुरे. संकोची माणूस. आधी एकदा आत आला होता तेव्हा त्याचे पागोटे दारातच पडले, तेव्हापासून येत नाही. त्याच्या डोक्यावरच्या प्रकाराला सूज लिहावे की टेंगूळ याचा मी नीट विचार करतो तो ते बसूनच गेले. आता तो आणि मारणारा दोघे बाजारात एका ठेल्यावर भजी खातात.

पद्माकरला पंधरवड्याने पुन्हा बोलावले आहे. पुढचे त्यावर ठरवीन. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझा,
दीनानाथ


॥ श्री ॥

दारव्हा,
ता. ८ डिसेंबर १९५८

सौ. आत्यास,
सुचित्राचा शिरसाष्टांग नमस्कार. हे पत्र बाबांना माहीत नाही. उत्तर धनीबाईंच्या पत्त्यावर पाठव, त्या शेजारच्याच आहेत.

आत्या, तू ठेंगणी आहेस म्हणून तुला कधी कळले नाही. बैठकीचे दार बुटके आहे. नागोराव सुताराने पहिल्यांदा चौकट करायला घेतली तेव्हा तो म्हणाला होता की मालक, वीतभर वर घ्या. बाबा म्हणाले, माणसाचे माप मला शिकवतोस काय. त्यांनी काम काढून घेतले, स्वतः पटाशी आणली, स्वतः भिंतीला उभे राहिले, डोक्यावर दोन बोटे सोडली आणि तेवढीच चौकट केली. गणपती कोरला तो फार देखणा झाला, खोटे नाही. सोंड पार पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत आणली आहे. पण बाबांहून उंच जो कोणी येतो त्याला तो गणपती लागतो. लोक कपाळ चोळत आत येतात आणि काही बोलत नाहीत, कारण नागोराव बोलला तेव्हापासून बाबा त्याला रस्त्यातही ओळख देत नाहीत.

पांढरकवड्याहून येतात त्यांचे तर फारच होते. ते दाराशी आले की आधी वाकतात, पण नमस्कारासाठी. बाबा समोरच बसलेले असतात ना. नमस्कार झाला की बाबा म्हणतात या, आणि ते ताठ होऊन पाऊल टाकतात. बाबा तो आवाज ऐकून मान डोलावतात आणि सागवानाची तारीफ करतात. गेल्या खेपेला बाबांनी त्यांच्या कपाळावरची रेघ दाखवायला मला बोलावले. ती रेघ आपल्या गणपतीची सोंड होती, आत्या. मला हसू आवरेना आणि रडूही येईना.

मी दारावर खाली येईल असे झेंडूचे तोरण बांधले, तर बाबांनी आज कोणता सण म्हणून काढून टाकले. मी चहा देताना पाहुण्यांना हळूच म्हटले की खरे सांगून टाका. ते म्हणाले, सांगणार नाही. मुलाकडच्याने लग्नाआधी मुलीच्या घराला नाव ठेवले की हुंड्याची मागणी वाढवायचे लक्षण समजतात. आणि म्हणाले, तुमच्या वडिलांनी एवढी जीव लावून कोरलेली वस्तू आहे, मी सावकाश शिकेन. आत्या, ते शिकेपर्यंत बाबा नकार देतील.

मी सांगितले तर बाबांना लागेल, आणि ते म्हणतील या मुलाने तुला फितवले. न सांगावे तर रोग म्हणून हे स्थळ जाईल. मला दुसरे नको. तू काही तरी कर. तुझ्याशिवाय सांगायला मला कोणी नाही.

तुझी भाची,
सुचित्रा


॥ श्री ॥

दारव्हा,
ता. २२ डिसेंबर १९५८

चि. सौ. कुंदा हिस,
अनेक आशीर्वाद. वाईट वाटते, पण निर्णय झाला.

पद्माकर काल येऊन गेला. या वेळी सुजा दोन. एक कपाळावर डावीकडे, तीच मुरडलेली रेघ घेऊन. दुसरी थेट टाळूवर. ती दुसरी तो परत जायला निघाला तेव्हा नव्हती. छत्री विसरला म्हणून घेण्यासाठी परत आला, तेवढ्यात उगवली. म्हणजे आता हा रोग माझ्या डोळ्यांदेखत वाढतो. मी त्याचे नाव ‘भ्रमणटेंगूळ’ ठेवले आहे. शब्द चांगला झाला आहे. पण चांगल्या शब्दाच्या घरात मुलगी देता येत नाही.

मुलाविषयी मला आकस नाही, उलट लळा लागला आहे. टाळूवर माझे बोट असताना तो मला म्हणाला, आपल्या चौकटीवरचे काम फार बारकाईचे आहे, जवळून पाहिले आहे मी. असे डोळे असलेला माणूस जावई म्हणून मिळाला असता तर बरे झाले असते. पण उद्या ती सूज डोळ्यात उतरली तर? पोरांना झाली तर? बाप म्हणून मला हे पाहिलेच पाहिजे.

सुचित्राला सांगितले. तेव्हापासून वरणात एकदा मीठ नसते आणि एकदा दोनदा असते. मी जेवतो.

नकाराचे पत्र लिहून ठेवले आहे. रोगाचे वर्णन नीट साधावे म्हणून एकदा पुन्हा लिहितो, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या टपालाने टाकतो. तू रागावशील, तर लेखी रागाव.

तुझा,
दीनानाथ


॥ श्री ॥

पांढरकवडा,
ता. २७ डिसेंबर १९५८

तीर्थस्वरूप दादा यांस,
कुंदाचा नमस्कार. मी रागावले नाही. तुम्ही बाप आहात, तुम्ही ठरवाल ते खरे.

फक्त एक मागणे. मी संक्रांतीला येते आहे. ते पत्र मी येईपर्यंत टाकू नका. उशिरा गेलेल्या नकाराने कोणाचे काही बिघडत नाही. घाईचा परत घेता येत नाही. एवढे बहिणीचे ऐका.

दुसरे असे की तुमच्या बैठकीत थंडीत फरशी कशी गार पडते ते मला ठाऊक आहे, आणि तुमच्या टाचांना भेगा आहेत हेही सुचित्राने लिहिले आहे. म्हणून इथल्या सुताराकडून तुमच्यासाठी खडावा करवून घेतल्या आणि ह्यांच्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर पाठवल्या आहेत. शिवणीच्या लाकडाच्या आहेत, हलक्या. तळच्या खुंट्या जरा उंच ठेवायला सांगितल्या, म्हणजे गारवा लागणार नाही. सुतार म्हणाला, बाई, एवढ्या उंच कायले, बुवा किर्तनाला उभं राह्यते काय. मी म्हटले माझा भाऊ मोठा माणूस आहे, तुम्ही करा. आल्या दिवसापासून घरात, ओट्यावर, आत बाहेर घालून फिरत जा. मी आल्यावर खुंट्या झिजलेल्या दिसल्या पाहिजेत, नाही तर मी तिळगूळ खाणार नाही.

सुचित्राला म्हणावे, आत्या सगळे करते आहे. म्हणजे संक्रांतीचे.

तुमच्या पाठीमागे उभी,
कुंदा


॥ श्री ॥

दारव्हा,
ता. ६ जानेवारी १९५९, दुपार

चि. सौ. कुंदा हिस,
अनेक आशीर्वाद. खडावा पोचल्या. काम ठीक आहे. खुंट्यांना कानस आणखी एकदा फिरवायला हवी होती.

एक गंभीर बातमी आहे, पण घाबरू नकोस. तो रोग मला झाला.

सकाळी फुलचंद ओट्यावर येऊन बसला होता. त्याला दुसरा अर्ज लिहून हवा होता. मी खडावा घालून बाहेर गेलो, त्याचे ऐकून घेतले आणि दौत आणायला आत वळलो. त्याच क्षणी सूज आली. कपाळ संपून माझे टक्कल सुरू होते, तिथे. डोळ्यांपुढे काजवे आले, दाराचा नाद झाला, आणि डोळ्यांत पाणी आले, गहिवर मात्र नव्हता. हाताला लागले ते लिंबाएवढे, तापलेले. तेच लक्षण, तोच आकार. यावरून हा रोग संसर्गजन्य आहे हे सिद्ध होते, कारण पद्माकरची सूज मी याच हाताने दाबली होती. फुलचंद पाहत होता. तो एवढेच म्हणाला की मालक, आता अर्ज कोनाविरुद्ध लिवायचा.

मी विचार केला, तो असा. रोग त्यांच्या घरात आहे आणि आता आपल्याही घरात आहे. तेव्हा रोगाच्या कारणाने नकार देणे न्यायाचे नाही. उलट अशा घरची मुलगी दुसरीकडे कोण घेईल. सुचित्रा हळद उगाळते आहे, ती लावून झाली की पुढचे लिहितो.

संध्याकाळ.

हळद लावण्यासाठी सुचित्राने आरसा आणून दिला. मी सूज आरशात पाहिली. तिच्यावर रेघ आहे. वरून खाली येऊन मुरडलेली. पद्माकरच्या कपाळावर ती ज्या अंगाला मुरडली होती, आरशात त्याच्या उलट अंगाला दिसली. उलट झाल्याबरोबर मी ती ओळखली. सोंडेचे ते वळण साधायला मला पटाशीच्या तीन धारा लावाव्या लागल्या होत्या. आपल्या हातचे काम माणूस कुठेही ओळखतो.

आरसा घेऊन मी ओट्यावर गेलो आणि पट्टीखाली उभा राहून दोन्ही पडताळून पाहिले. बराच वेळ पाहिले. फुलचंद तोवर गेला नव्हता. त्याने आरसा धरला. सुचित्रा दारामागे उभी होती, तिच्या हाती आरसा परत दिला. मी आत गेलो, खडावा काढून.

तुझ्या त्या खडावा मी मोजल्या आहेत. चार बोटे उंच आहेत. तू लहानपणी पेरू काढायला मला झाडावर चढवायचीस आणि स्वतः खाली पदर धरून उभी राहायचीस, ते मला का कोण जाणे आठवले.

आता कामाचे. लग्नात मुलाच्या कपाळावर बाशिंग असते. पद्माकरची उंची, त्यावर बाशिंग, असा हिशेब धरला तर आपली चौकट वीतभर अपुरी पडते. हे बाशिंगाचे माप आहे, दुसरे कसलेही नव्हे. यज्ञेश्वररावांनाही असेच सांग. त्यासाठी नागोरावाला बोलावणे पाठवले. तो लगेच आला. चौकटीकडे पाहिले, माझ्या कपाळाकडे पाहिले, आणि तोंडातून अवाक्षर काढले नाही. चांगला सुतार आहे. उद्यापासून काम धरतो. गणेशपट्टी मी स्वतः उतरवली आणि फडक्याने पुसली. इतक्या कपाळांवर उमटूनही सोंडेची एक कड झिजलेली नाही.

नकाराचे पत्र चुलीत गेले. होकाराचे सोबत जोडले आहे, ते त्याच्या वडिलांच्या हाती नेऊन दे. त्यात मी व्यंगाच्या रकान्यात ‘टेंगूळ, मार लागून आलेले, बसणारे’ असे लिहिले आहे. टिपणातला ‘भ्रमणटेंगूळ’ खोडला. शब्द चांगला होता.

साखरपुडा संक्रांतीनंतर, तू इथे असतानाच करू. आजच्या वरणात मीठ बेताचे होते. पद्माकरला माझा आशीर्वाद सांग, आणि म्हणावे, या वेळी नमस्कार आत येऊन कर. दारातून येताना मान ताठ ठेवून ये.

तुझा,
दादा